आषाढातल्या आमरी: कास, महाबळेश्वर आणि खाली वाई

शुक्रवार, सांगली ते सातारा

कासला सगळे सप्टेंबरात जातात. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं यांचे गालिचे तेव्हाच पसरलेले असतात, त्यामुळे तेही बरोबरच आहे. पण आमरी बघायच्या तर आषाढात ये, असं काका मला कित्येक वर्षं सांगत आलेत. आमरी म्हणजे ऑर्किड. काकांनी नोकरीभर साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरही त्यांचा पावसाळा डोंगरातच जातो. यंदा रजा जुळली, मुलांच्या परीक्षा नव्हत्या, म्हणून निघाले.

सांगलीहून दुपारची एसटी धरली. पेठ नाक्यापर्यंत नुसतं आभाळ दाटलेलं होतं, उंब्रजच्या पुढे पावसाने गाठलं. गाडीत थोडे वारकरी होते. माउलींची पालखी फलटणच्या आसपास पोचली होती आणि त्यांना साताऱ्याहून पुढे जाऊन ती गाठायची होती. त्यातल्या एका मावशींनी विचारलं, "तू कुठं निघालीस गं?" कासला फुलं बघायला म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं. आमच्याकडं पण रानात लई फुलं असतात या दिवसांत, पण बघायला सवड कुणाला, म्हणाल्या.

साताऱ्यात पोचले तेव्हा अजिंक्यतारा ढगात पूर्ण बुडालेला होता. काकूंनी गरम थालीपीठ पानात वाढलं आणि काकांनी जेवण होईपर्यंतही दम धरला नाही. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, कासचं पठार 1,200 च्या घरात, महाबळेश्वर 1,350 च्या वर. हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे नुसत्या उंचीच्या हिशोबानेच महाबळेश्वर साताऱ्याहून चारेक अंशांनी थंड. धुक्याचा आणि ढगांचा गारवा त्याच्यावर वेगळा.

मग त्यांनी हिमालयातल्या आमरींचा विषय काढला. सिक्कीमला गेले होते तेव्हा त्यांनी सीलॉजिनी क्रिस्टाटा बहरात पाहिली होती. पांढरीशुभ्र फुलं, ओठावर पिवळ्या रेघा, सुवासिक. पण तिचा थंडावा हिवाळ्यातला. कोरडा, गार हिवाळा काढल्यावर ती वसंतात फुलते. आपल्या सह्याद्रीत गारवा येतो तो पावसाबरोबर. एप्रिल-मेमध्ये इथलं झाड होरपळतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यापासून चार महिने ढगात राहतं. "थंड हवेची आमरी म्हटलं ना, की ती थंडी कुठल्या ऋतूतली हे आधी विचारायचं," काका म्हणाले. पुढचे सगळे दिवस मला हे वाक्य उपयोगी पडलं.

शनिवार, कास

सकाळी चुलतभावाने गाडी काढली. यवतेश्वरच्या घाटात शिरलो आणि समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसेनात. दादा अगदी हळू चालवत होता, काचा अर्ध्या उघड्या, कारण आतून सारखी वाफ धरत होती. साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर, पण आम्हाला तासाच्या वर लागला.

पठारावर गर्दी अजिबात नव्हती. एक-दोन गाड्या तलावाकडे गेल्या, बाकी म्हशी आणि त्यांच्यामागे इरलं घेतलेले एक मामा. कास पठार 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, ते ठाऊक असतं सगळ्यांना. पण या पठाराची जमीन कशी आहे हे पायाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. खाली काळा बेसाल्ट, त्यावर जांभ्याचं कवच आणि जांभ्यावर माती जेमतेम काही बोटं. कुठे कुठे तर तेवढीही नाही, नुसते खळगे आणि त्यात पाणी. मोठं झाड इथे मूळ धरूच शकत नाही. उन्हाळ्यात हाच कातळ तापून निघतो. ज्यांना आठ महिने जमिनीखाली दडी मारून बसता येतं, त्यांचंच हे राज्य.

आषाढ आमरी शोधावी लागली नाही. ती पायाशीच होती आणि म्हणूनच काकांनी गाडीतून उतरताना बजावलं की मळलेली पायवाट सोडायची नाही. हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस हे तिचं शास्त्रीय नाव. एकच पान, गोलसर, मांसल, जमिनीला असं घट्ट टेकलेलं की त्याच्याखाली बोटाचं नखही जाणार नाही. त्याच्या मधोमध वीतभरही नसलेला दांडा आणि दांड्यावर दोन-तीन पांढरी फुलं. लांबून बघितलं तर हिरव्या गवतात कुणीतरी पांढरे कागद फाडून टाकल्यासारखं वाटतं. मी गुडघे टेकून वाकले, काकांचं हातभिंग डोळ्याला लावलं.

ओठ तीन भागांत चिरलेला. आमरीच्या फुलात तीन निदलं आणि तीन पाकळ्या असतात, त्यातली एक पाकळी बाकीच्यांहून वेगळी होते आणि कीटकाला उतरायला जागा देते, तिला ओठ म्हणायचं. फुलाच्या मागे बारीक पांढरी शुंडिका, म्हणजे रस साठवणारी पोकळ नळी, खाली लोंबत होती. काकांनी फुलाला हात न लावता मागून टॉर्च धरला, तेव्हा शुंडिकेच्या तळाशी रस साचलेला दिसला, अगदी थोडा, काचेसारखा स्वच्छ. ज्याची सोंड तिथवर पोचेल त्यालाच तो मिळणार.

"आता फुलाच्या खाली बघ," काका म्हणाले. फुलाच्या आणि दांड्याच्या मध्ये हिरवा, रेघारेघांचा भाग असतो, तो बीजकोश. त्या बीजकोशाला चक्क पीळ होता. सुतळी पिळल्यावर पडतो तसा, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा. कळीत ओठ वरच्या बाजूला असतो. फूल उमलायच्या सुमाराला देठ अर्धा वळसा घेतो, 180 अंश, आणि ओठ खाली येतो. मी इतकी वर्षं आमरींचे फोटो बघत आलेय, त्यांच्या मानेला असा पीळ असतो हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग दिसेल त्या फुलाचा पीळच बघत सुटले. काही कळ्या अजून वळल्या नव्हत्या, काही अर्ध्यावर होत्या. एकाच दांड्यावर तिन्ही टप्पे सापडले.

जमिनीखाली या आमरीला कंद असतात. गेल्या वर्षीचा कंद यंदाचं पान आणि फूल वाढवण्यात खर्ची पडतो आणि त्याच वेळी शेजारी पुढच्या वर्षासाठी नवा भरत जातो. हे आतलं गणित एवढं काटेकोर आहे की आषाढात पान तुडवलं गेलं तर नवा कंद भरायला काही उरत नाही. पुढच्या पावसाळ्यात ते झाड वर येईलच याची खात्री नाही. सप्टेंबरात इथे देखरेख असते, आसपासच्या गावांची माणसं उभी असतात, शिट्ट्या वाजतात. आत्ता कुणी नाही. आणि मोटारसायकलच्या टायरचे ओले, खोल माग पठारात सरळ आत गेलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्या मागात चेपलेली पानं होती. मला त्याचा फार राग आला आणि अजूनही येतो. फुलं बघायला आलेला माणूस फुलांवरून गाडी घालतो हे मला समजत नाही.

मामा म्हशी हाकत जवळ आले. काकांची नि त्यांची जुनी ओळख. "सर, यंदा पाऊस मोप झाला. त्यामुळं ही फुलं बी लवकर आली," म्हणाले. मी विचारलं, म्हशी खातात का ही? "न्हाई ताई. पान भुईला चिकटल्यालं, म्हशीच्या तोंडात गावतंय कुठं." पान जमिनीसरशी का पसरतं याची मी मघापासून वहीत कारणं लिहीत होते, दवाचं, वाऱ्याचं. मामांचं कारण मी त्यांच्यावर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

वास मात्र मिळाला नाही. नाक फुलाला टेकवलं तरी ओल्या मातीचाच वास. पावसाच्या सरी थांबेनात, अशा हवेत कुठलं पाखरू उडणार आणि फुलाने तरी कुणासाठी दरवळायचं? काकांनी सांगितलं की लांब शुंडिकेची हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा भाद्रपदाच्या सुमाराला येईल, बोटाहून लांब शुंडिका, पांढरी फुलं, तिचा सुगंध संध्याकाळी सुटतो. पांढरा रंग, लांब शुंडिका आणि रात्रीचा वास ही तिन्ही एकत्र दिसली की फूल निशाचर पतंगांसाठी आहे असं समजायचं. अंधारात रंगाचा काय उपयोग, पांढरं तेवढं उठून दिसतं. आणि लांब शुंडिकेच्या तळाशी पोचणारी सोंड त्या मोठ्या पतंगांनाच असते.

दुपारी तलावाकडे गेलो. साताऱ्याला पाणी इथूनच उताराने जातं. वाटेत डबक्यांतून वायतुरा वर आलेला होता, त्याचा तुरा टोकाला दुभंगलेला, गुलाबी-जांभळी बारीक फुलं. या झाडाच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. काकांना त्याचा भारी अभिमान. चवरीची पानं नुकती वर येत होती. बाकी फुलांचा अजून पत्ता नाही. तलावाजवळ टपरीत मक्याचं कणीस आणि आलं घातलेला चहा घेतला आणि ओल्या कपड्यांनी परत आलो.

रविवार, मेढा, केळघर आणि महाबळेश्वर

वाईकडून न जाता मेढ्यावरून जायचं ठरवलं, कारण केळघरचा घाट काकांच्या आवडीचा. कण्हेर धरणाचं पाणी उजव्या-डाव्या हाताला लागत राहिलं, वेण्णेच्या खोऱ्यात भातलावणी चालू होती. गुडघाभर चिखलात बाया ओळीने वाकलेल्या. घाटात दरडीची माती रस्त्यावर आली होती, पण वाहतूक चालू होती. पावसाळ्यात या रस्त्याने निघण्याआधी चौकशी करावी एवढंच सांगते.

महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. दुकानांवर गवताच्या झडपा बांधलेल्या, बाजारात शुकशुकाट. आम्ही एका आजींच्या घरी उतरलो, क्षेत्र महाबळेश्वरच्या रस्त्याला. सामान ठेवलं आणि लगेच बाहेर पडलो, कारण पाऊस थांबला होता आणि काका घड्याळाकडे बघत होते. उघडीप दहा मिनिटांची असेल किंवा तासाची, ती वाया घालवायची नाही.

इथलं जंगल बुटकं. अंजनी, जांभूळ, पिसा यांची गर्दी, त्यात हिरडा आणि गेळा. वाऱ्याने आणि उथळ मातीने झाडं उंच होऊ दिलेली नाहीत, वेडीवाकडी वाढलेली, फांद्या डोक्याच्या उंचीवर. प्रत्येक फांदीवर हिरव्या शेवाळाचा जाड थर आणि त्यात नेचे. फुलं शोधायला मान वर करावी लागत नाही, हा या जंगलाचा मोठा उपकार.

आम्ही गप्प चालत होतो. ढग वर सरकले, पानांतून ऊन आलं, पिवळं, ओलं ऊन. आणि वास आला. मी थांबले. काका पण थांबले आणि हसले. मोगऱ्याचा नाही, निशिगंधाचा तर नाहीच. गोड, पण त्या गोडीत लिंबाच्या सालीची झाक होती आणि मागून किंचित वेलदोडा. वाऱ्याची झुळूक थांबली की तो जाई, पुन्हा येई. कुठून येतो ते काही कळेना. काकांनी दोन पावलं मागे घ्यायला सांगितलं, मग चार पावलं डावीकडे. तिथे जांभळाच्या आडव्या फांदीवर ती होती. एरिडीस मॅक्युलोसा.

पट्ट्यासारखी जाड पानं, एकाआड एक दोन बाजूंना बसवलेली, टोकाशी दुभंगलेली, दोन्ही भाग कमी-जास्त. त्यांच्या बगलेतून निघून खाली झुकलेला फुलांचा घोस. पाकळ्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या, त्यांवर जांभळे ठिपके शिंतडलेले. ओठ मात्र पूर्ण गडद गुलाबी. शुंडिका मागे न जाता वळून पुढे आलेली, टोक थोडंसं हिरवट. एकेक फूल इंचभराचं. खालची, म्हणजे देठाजवळची फुलं उमलून काही दिवस झालेली, टोकाच्या कळ्या अजून मिटलेल्या. लिंडली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1845 साली हिचं वर्णन केलं. त्याच्याही बारा वर्षं आधी त्याने हिची मोठी बहीण एरिडीस क्रिस्पा नोंदवली होती, तीही सुवासिक. ती आम्हाला थोड्या वेळाने दिसली, हिच्याहून लांब खोड आणि ओठाला झालरीसारखी कातर असलेली, पण उंचावर आणि पाठमोरी.

फांदीवर बसलेली आमरी झाडाचं काही खात नाही, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बांडगुळाची मुळं झाडाच्या आत शिरतात आणि त्याचा रस घेतात. आमरीची मुळं सालीवर फक्त पसरतात, धरतात. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत म्हणजे सालीच्या भेगांत साचलेला पाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा.

ती मुळं मी बराच वेळ बघत बसले. सुतळीपेक्षा जाड, काही फांदीला चिकटलेली, काही हवेतच लोंबणारी. ओली होती तिथे हिरवी, फांदीच्या आडोशाला कोरडी राहिली होती तिथे चांदीसारखी पांढरी. एकाच मुळाचे दोन रंग, मध्ये सीमारेषा. काकांनी बाटलीतलं पाणी थेंब थेंब कोरड्या भागावर सोडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर पांढरं होतं ते हिरवं होत गेलं. मुळाभोवती मृत पेशींचा थर असतो, घोसाळ्याच्या वाळक्या जाळीसारखा पोकळ. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी लागलं की क्षणात शोषून घेतो, पारदर्शक होतो आणि आतलं हरितद्रव्य दिसायला लागतं. म्हणजे मूळसुद्धा पानाचं काम करतं, उजेडात अन्न तयार करतं. रात्रीच्या धुक्याचं पाणी सकाळचं ऊन उडवून नेण्याआधी पकडायचं तर असाच थर हवा. फेब्रुवारी ते मे महाबळेश्वरात फारसा पाऊस नसतो, तेव्हा ही मुळं आणि जाड, चिवट पानं एवढ्याच बळावर ती तग धरते.

खाली जमिनीवर वाऱ्याने मोडून पडलेला एक घोस सापडला. फांदीवरच्याला आम्ही हात लावणार नव्हतो, हा मात्र आपोआप मिळाला. तिथेच एका दगडावर बसून काकांनी गवताची ताठ काडी घेतली. फुलाच्या मधोमध, ओठाच्या वर, आखूड जाड खुंट असतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे न राहता इथे एकजीव होऊन त्याचा स्तंभ बनलेला असतो. साऱ्या आमरी कुळाची ही ओळख. काडी शुंडिकेच्या तोंडात घातली आणि हळूच वर उचलत बाहेर काढली, मधमाशी डोकं काढून घेईल तशी. स्तंभाच्या टोकावरची बारीक टोपी सुटून पडली आणि काडीला दोन पिवळे गोळे चिकटून आले. मोहरीहून बारीक, मेणासारखे, एका छोट्या पांढऱ्या पट्टीवर बसवलेले. हे परागपुंज. इतर फुलांचे पराग धुळीसारखे उडतात, आमरी सगळी शिदोरी एकगठ्ठा एका कीटकाच्या कपाळी लावून देते. पोचली तर सगळी पोचते, नाही तर सगळी जाते. काकांनी तीच काडी दुसऱ्या फुलात घातली आणि एक गोळा आत स्तंभाच्या चिकट खळग्यात राहिला. मला ते इतकं आवडलं की मी त्यांच्याकडून काडी घेऊन पुन्हा तिसऱ्या फुलावर करून बघितलं.

एवढ्यात ढग उतरले. दहा पावलांवरचं झाड दिसेना. आणि वास गेला, अगदी दिवा मालवावा तसा गेला. मी नाक फांदीजवळ नेलं तेव्हा पुसटसा आला. मग मला शुक्रवारचं काकांचं बोलणं आणि काल कासला न मिळालेला वास हे दोन्ही एकदम जुळले. ही फुलं थंड, ओल्या हवेत वाढतात, पण दरवळतात ती त्या हवेतल्या उघडिपीत. सतत ऊन असतं तर झाड तगलं नसतं, सतत ढग असते तर मधमाशी आली नसती. आषाढात दोन सरींच्या मध्ये जी दहा-पंधरा मिनिटं मिळतात, त्यांच्यासाठी तिने हा वास राखून ठेवलेला असतो. बाटलीत भरून तो कुणाला विकता यायचा नाही, आणि ते मला बरंच वाटतं.

परतताना डेंड्रोबियम बार्बॅट्युलमचे झुपके दिसले. त्यांना आत्ता नुसती पानं, जाडसर कांड्या ताज्या पाण्याने फुगलेल्या. कांड्यांत पाणी आणि अन्न साठवून ती पानं गाळते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला निष्पर्ण कांडीवर पांढरी फुलं येतात. तिच्या शेजारच्याच फांदीवर एरिडीस पावसात फुललेली. फांद्या शेजारच्या, हवामान एकच आणि दोघींनी ऋतू वेगवेगळे वाटून घेतले.

सोमवार, आजींचं अंगण, पाचगणी आणि वाई

सकाळी आजींनी अंगण दाखवलं. त्यांच्या जांभळाच्या खोडावर काथ्याने बांधलेल्या आठ-दहा आमरी होत्या, काहींना घोस लागलेले. दर पावसाळ्याच्या तोंडाला विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या तोडतात, त्यांच्यावरची झाडं रस्त्याकडेला पडून वाळतात. आजी ती उचलून आणतात. "लेकरांगत वाटतात गं, उन्हात टाकवत नाहीत," म्हणाल्या. बांधायची कशी तेही सांगितलं. मूळ सालीला भिडेल अशी, खालच्या बाजूला पाणी साचणार नाही अशी, आणि पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ करून. काथ्या दोन पावसाळ्यांत कुजून गळतो, तोवर मुळांनी स्वतःच धरलेलं असतं. काकांनी एकेक मूळ तपासलं आणि आजींना म्हणाले, "आजी, तुम्हाला वर्गात शिकवायला न्यायला हवं होतं." नवीन मुळांची टोकं हिरवी चकचकीत होती, ती दिसली की झाड लागलं असं समजायचं.

एका आमरीवर गेल्या वर्षीचं वाळकं बोंड होतं, तीन फाकांनी उकललेलं. मी तळहातावर झटकलं. पिवळसर पीठ पडलं, फुंकरीसरशी उडालं. हेच बी. एकेका बोंडात हजारोंनी, कधी लाखांनी. एवढं हलकं असायचं कारण त्यात साठवलेलं अन्नच नसतं. भुईमुगाच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यात अंकुरासाठी डाळ असते, आमरीच्या बीत फक्त गर्भ. योग्य ती बुरशी त्याला भेटली आणि तिने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. फ्रान्समध्ये नोएल बर्नार यांनी 1899 साली बुरशीचं हे नातं ओळखलं. लाखांतलं एखादं बी बरोबर सालीच्या भेगेत, बरोबर बुरशीवर पडतं आणि मग फूल यायला कित्येक वर्षं जातात. रस्त्याकडेला वाळत पडलेलं एक झाड म्हणजे केवढं नुकसान, हे हातावरचं पीठ बघून कळलं.

पाचगणीत फार थांबलो नाही. टेबललँडवर धुकं एवढं होतं की घोडेवाल्यांचे आवाज तेवढे येत होते. इथे श्रावण-भाद्रपदात एक हिरवट फुलांची आमरी येते, हबेनारिया पाचगणीएन्सिस, फादर सांतापाव आणि कापडिया यांनी नाव दिलेली. कासची आषाढ आमरी फादर ब्लॅटर आणि मॅक्कॅन यांच्या नावावर. ब्लॅटर स्विस, सांतापाव स्पॅनिश, दोघेही मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे जेझुइट पाद्री. आपल्या डोंगरात भर पावसात गुडघे टेकून त्यांनी ही एकेक रोपं ओळखली. मला त्यांच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते.

पसरणीचा घाट उतरलो की हवा बदलते, कानांनाही कळतं. वाईला काकांच्या मेहुण्यांकडे जेवण होतं. त्यांच्या गच्चीत कुंडीत एक एरिडीस होती, कुणीतरी महाबळेश्वरच्या रस्त्यावरून विकत आणून दिलेली. कुंडीत काळी माती भरलेली, मुळं कुजून काळी पडलेली, दोन पानं शिल्लक. "किती खत घातलं भाऊजी, फूल म्हणून नाही," मेहुणे म्हणाले. काकांनी ती लगेच उपसली. मातीत मुळाला हवा मिळत नाही, म्हणून आधी माती काढली, कुजलेला भाग कात्रीने छाटला, उरलेली मुळं धुतली आणि लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने बांधली. गच्चीतल्या सावलीत, सकाळचं ऊन लागेल अशी टांगली. पाणी सकाळी, रात्री नाही. जगेल म्हणाले, पण फुलेल असं म्हणाले नाहीत. वाईचा मे महिना तिच्यासाठी कडक आहे आणि आमच्या सांगलीचा तर त्याहून, पारा चाळिशीला टेकतो.

मग मेहुण्यांनी विचारलं की मग खालच्या गावांनी लावायचं तरी काय. काकांनी सीतेची वेणी सुचवली, ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. तीही सह्याद्रीतलीच, पण कमी उंचीवर, आंब्यावर, उष्ण हवेत वाढणारी, मे-जूनमध्ये गुलाबी ठिपक्यांचे लांब घोस येतात. आसामात तिला राज्यफुलाचा मान आहे. फक्त जंगलातून काढलेली घ्यायची नाही. आमरींचं सगळं कुळ सायटीस या आंतरराष्ट्रीय करारात येतं, रानातून उपटलेल्यांचा व्यापार तर नकोच. 1922 साली लुइस नडसन यांनी अमेरिकेत साखर घातलेल्या आगरावर, म्हणजे शेवाळापासून केलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय, आमरीचं बी रुजवून दाखवलं. तेव्हापासून प्रयोगशाळेत बाटलीत रोपं तयार होतात आणि तशी रोपं विकणाऱ्या रोपवाटिका आहेत. मेहुण्यांनी पुण्याच्या भाच्याला तिथल्या तिथे फोन लावला आणि बाटलीतल्या रोपाची चौकशी करायला सांगितली. अंगणातला पायरी आंबा किती सावलीचा आहे, त्याची कुठली फांदी आडवी आहे, हे बघायला दोघं बाहेर गेले. काकांनी खडूने फांदीवर खूण केली आणि काकूंनी पानं वाढल्याची हाक मारली.